मोराची चटणी

“मोठ्या छापाचं कापड घेतलंय, गोधडीला कोणता नमुना घेऊ?” हा प्रश्न मला बहुतेक वेळा कापड कापून झाल्यावर येतो. तुम्ही अजून कात्री लावलेली नाही म्हणता, मग सांगण्यात अर्थ आहे.

मी लावली होती. रविवार पेठेतल्या कापडगंजातून कलमकारी आणली, वीतभर मोरांची. हौसेनं साडेतीन इंचांचे चौकोन पाडले. शिवणीत चारी बाजूंनी पाव-पाव इंच गेला, उरले तीन. कुठे चोच, कुठे पाय, बरेच चौकोन नुसते मातकट लाल. आत्या बघून म्हणाली, “मोराची चटणी केलीस की गं!” ती गोधडी माळ्यावर आहे.

आता मी आधी छाप मोजते. मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला नऊ इंचांची चौकोनी खिडकी पाडायची आणि ती कापडावर सरकवत राहायची. मोर खिडकीत नीट बसला की खूण करून साडेनऊ इंचांचा चौकोन कापायचा. त्याच्या चारी बाजूंना साध्या सुती कापडाच्या अडीच इंची पट्ट्या. शिवल्यावर त्या दोन इंच उरतात आणि पट्ट्यांसकट एक चौकोन, म्हणजे गोधडीचं एक घर, तेरा इंचांचं होतं. अशी पाच गुणिले सात घरं जोडली की 65 बाय 91 इंच, म्हणजे एका माणसाची ऐसपैस गोधडी. पस्तीसही घरांत मोर नको, डोळ्यांना विसावा लागतो. एकाआड एक घर साधं ठेवा, अठरा मोर पुरतात. 44 इंच पन्ह्यातून सलग कापले तर सव्वा मीटरमध्ये बसतात, पण मोर निवडून कापायचे तर दोन मीटर घ्याच. कापड वाया जातं, त्याची हळहळ दुकानातच करून यावं.

चौकोन टोकावर उभे करून जोडायचा मोह होईल. फुलं, वेलबुट्टी चालते. हत्ती मात्र घसरगुंडीवरून येताना दिसतात.

पट्ट्यांचा रंग छापातलाच घ्या, पण सगळ्यात ठळक नको. कापडं शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. मोर पट्टीत विरघळला तर पट्टी बदला. आणि सगळं आधी धुऊन घ्या. एकदा कलमकारीनं माझ्या पांढऱ्या पट्ट्या गुलाबी केल्या, तेव्हापासून मी वेगळ्या बादलीत भिजवते.

खरं सांगू? छाप फारच सुंदर असेल तर मी नमुनाच घेत नाही. आजीच्या गोधडीला वरून अख्खं लुगडं असायचं, आत जुन्या साड्यांचे थर आणि कडेपासून आत आत जाणारा धावदोरा. तसं अख्खं कापड वर घालायचं, कडेला गडद पट्टी लावायची आणि धावदोरा मोराच्या कडेकडेनं फिरवायचा. दोरा कापडाच्याच रंगाचा, नाहीतर पिसाऱ्यावर रेघोट्या दिसतात. हाताला महिना लागतो, पण जोडकाम शून्य.

तुमचा छाप किती इंचांचा आहे, तेवढं मोजून कळवा. बारा इंचांच्या वर असेल तर पुठ्ठा शोधूच नका.