पेनड्राइव्ह लॉग: २, ३, ५, ४, ६, ८, ७, १

मागच्या अपडेटमधे मी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की गाडीत वाजवायला गाणी एमपी३ करायचं, म्हणजे कन्व्हर्जनचं काम संपलं, आता फक्त ऐकायचं. ते शब्द परत घेतो. टायटलमधे जे आकडे दिलेत तो माझ्या गाडीतल्या हेड युनिटच्या (डॅशबोर्डवरच्या म्युझिक प्लेअरच्या) मते एका लाइव्ह मैफिलीचा क्रम आहे. म्हणजे निवेदक बोलायला उठायच्या आधी टाळ्या, आणि १९ मिनिटांचा पहिला ट्रॅक, जिथे वाद्यं जुळवण्यापासून सुरुवात आहे, तो सगळ्यात शेवटी.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सेटअप: सगळा मास्टर संग्रह फ्लॅकमधे (दर्जा न घटवता आवाज साठवणारा फॉरमॅट), हेड युनिटला फ्लॅक कळत नाही, त्यामुळे माझी स्क्रिप्ट एफएफएमपेग या कन्व्हर्टरने, लेम या एन्कोडरच्या व्ही-शून्य (बदलत्या बिटरेटच्या, सगळ्यात वरच्या दर्जाच्या) सेटिंगला एमपी३ बनवते आणि पेनड्राइव्हवर टाकते. पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइलींची नोंद ठेवायची जुनी पद्धत), कारण एक्सफॅट ही नवी पद्धत लावली की स्क्रीनवर सरळ 'नो डिव्हाइस'.

तर पहिला संशय अर्थातच टॅगवर, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेल्या नाव-नंबरवर. एफएफएमपेग काही सांगितलं नाही तर आयडी३ या टॅगच्या पद्धतीची २.४ आवृत्ती लिहितो आणि जुन्या युनिटांना ती पचत नाही, हे आपल्यात सगळ्यांनी कधी ना कधी भोगलंय. २.३ केली. त्याचा एक फायदा झाला, अर्धवट तुटणारी नावं नीट दिसायला लागली (देवनागरी सोडून, त्याचं खाली बोलतो). क्रम तसाच. मग ट्रॅक नंबर '१/८' असा होता तो नुसता '१' केला. क्रम तसाच. मग वाटलं फाइलच्या नावावरून लावत असेल, नावं '०१' ची '००१' केली, स्क्रिप्ट परत चालवली, खाली गेलो, किल्ली फिरवली. २, ३, ५, ४, ६, ८, ७, १. एका शनिवारी मी सहा वेळा जिना चढलो उतरलो. शेवटच्या खेपेला घरच्यांनी विचारलंसुद्धा नाही कुठे चाललास म्हणून.

डोक्यात जाणारी गोष्ट ही की लॅपटॉपवर तोच पेनड्राइव्ह उघडला की सगळं ओळीत, १ ते ८, जणू काही झालंच नाही. आणि जुना पेनड्राइव्ह, जो मी दोन वर्षांपूर्वी हाताने एकेक फाइल ओढून भरला होता, तो त्याच युनिटमधे अगदी शहाण्यासारखा वाजतो. मी पहिला ट्रॅक उडवून परत कॉपी करून पाहिला, तरी तो आपला शेवटीच.

सुटलं कसं ते सांगतो. काल रात्री गाडीत बसून कंटाळून प्रत्येक ट्रॅक किती मिनिटांचा आहे ते कागदावर लिहीत होतो. १९, ४, ७, ११, ५, ६, ९, ५. आणि मग दिसलं की लहान ट्रॅक पुढे पळतायत आणि मोठे मागे पडतायत. पण निव्वळ लांबीप्रमाणे पण नाही, कारण ५ मिनिटांचा आठवा ट्रॅक ११ मिनिटांच्या चौथ्याच्या मागे आहे. हा क्रम लांबीचा नाही, हा क्रम कोण आधी संपला त्याचा आहे! माझी स्क्रिप्ट घाई व्हावी म्हणून एका वेळी चार ट्रॅक कन्व्हर्ट करते, टेंपररी फोल्डरमधे, आणि जो तयार होईल तो लगेच पेनड्राइव्हवर ढकलते. पहिल्या चारात दुसरा आधी संपला, त्याच्या जागी पाचवा सुरू झाला, मग तिसरा संपला, मग पाचवा, मग चौथा... कागदावर करून पाहिलं तर आठच्या आठ आकडे जुळले. गाडीत एकटाच होतो तरी मोठ्याने हसलो.

म्हणजे क्रम लावताना हे युनिट टॅगही बघत नाही आणि नावही बघत नाही. फॅटमधे प्रत्येक फोल्डर म्हणजे ३२-३२ बाइटच्या नोंदींची वही असते, लांब नाव असेल तर दर १३ अक्षरांना एक जास्तीची नोंद. युनिट ही वही वरून खाली वाचतं आणि त्याच क्रमाने वाजवतं, बास. लॅपटॉप दाखवताना नावाप्रमाणे लावून दाखवतो म्हणून आपल्याला काही कळत नाही. फाइल उडवली की नोंदीवर फक्त खोडल्याची खूण होते आणि नवीन फाइल अशाच रिकाम्या जागेत जाऊन बसते. माझा पहिला ट्रॅक उडवून काही फरक का पडला नाही तेही कळलं, शेवटची जागा रिकामी केली आणि परत तीच भरली. लिनक्सवाल्यांनी फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' कमांडला कॅपिटल यू (-U) देऊन बघा, वहीतला खरा क्रम दिसतो. मी हे अकरा दिवसांपूर्वी करायला हवं होतं.

उपाय म्हणून आधी सगळं लॅपटॉपवर एका फोल्डरमधे तयार करून तो अख्खा फोल्डर एका दमात कॉपी केला. गाडीत गेलो तर तिसरा ट्रॅक पहिल्याच्या पुढे. कारण कॉपी करणारासुद्धा फोल्डर नावाप्रमाणे वाचेलच असं नाही, त्याचं स्वतःचं गणित असतं. शेवटी स्क्रिप्टमधे लूप लावून नावाप्रमाणे एकेक फाइल टाकली आणि क्रम लागला. आधीच भरलेल्या पेनड्राइव्हसाठी फॅटसॉर्ट नावाचा प्रोग्राम आहे, तो वहीच नीट लावून देतो, फाइली हलवत नाही, त्यामुळे काही सेकंदांत काम होतं. पेनड्राइव्ह अनमाउंट करून (लावलेलाच ठेवून, पण सिस्टिमपासून सोडवून) चालवा. छोटंसं टूल, दिसायला काहीच नाही, पण माझ्यासाठी यावर्षीचं सगळ्यात कामाचं.

बाकी किरकोळ. कव्हर फोटो आता सगळ्या अल्बमचे दिसतायत, अर्धे गायब होते ते प्रोग्रेसिव्ह (टप्प्याटप्प्याने उघडणारे) जेपेग होते, साधे बेसलाइन ५०० बाय ५०० पिक्सेलचे करून टाकले. देवनागरीचा नाद सोडला. युनिटमधे फाँटच नाही, नुसते चौकोन येतात, तेव्हा पेनड्राइव्हच्या कॉपीत रोमन नावं, मास्टरमधे देवनागरी तशीच. आणि व्ही-शून्य की ३२० केबीपीएसचा ठराविक बिटरेट हा वाद माझ्यापुरता संपला, इंजिन चालू असताना मला त्याहून हलका व्ही-दोन पण ओळखता आला नाही. बोटाच्या पेराएवढे पेनड्राइव्ह मात्र घेऊ नका, तासाभरात चटका बसेल इतका तापतो माझा.

आता हे सगळं लिहिता लिहिता एक विचार आला. क्रम लागला तरी दोन ट्रॅकच्या मधे क्षणभर आवाज तुटतोच, चालू टाळ्या कापल्यासारख्या वाटतात. एमपी३ च्या सुरुवातीला आणि शेवटी एन्कोडर थोडी शांतता भरतो, लेम त्याचा हिशोब फाइलमधे लिहून ठेवतो, पण हे युनिट तो वाचत नाही. मग मैफिलीचे आठही फ्लॅक आधी जोडून ६६ मिनिटांची एकच फाइल का करू नये? पुढचा ट्रॅक लावायची सोय जाईल, पण मैफल कोण पुढे ढकलत ऐकतं. फक्त ती व्हीबीआर, म्हणजे बदलत्या बिटरेटची, नको. व्हीबीआरच्या हेडरमधे जागा शोधायला शंभरच खुणा असतात, म्हणजे इथे एक खूण साधारण ४० सेकंदांची, गाडी बंद करून परत चालू केली की भलतीकडेच सुरू व्हायचं. तेव्हा २५६ केबीपीएस सीबीआर, म्हणजे एकसारख्या बिटरेटची, साधारण १२७ एमबी.

आणि हो, एकच फाइल केली की क्रमाचा प्रश्नच येत नाही हे मला आत्ता, हा परिच्छेद लिहिताना कळलंय. असो. फाइल तयार झालीय, चाललो खाली.