आमची वाटचाल: खुर्ची क्रमांकासह

आम्ही थिएटरच्या खुर्च्या बनवतो आणि दुरुस्त करतो. पुण्यात शुक्रवार पेठेत आमचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे खाली सुतारकाम आणि वेल्डिंग, वरच्या माळ्यावर शिवणकाम. धंदा माझ्या सासऱ्यांनी सुरू केला, त्यांना सगळी पेठ अप्पा म्हणायची. मी लग्न होऊन आले तेव्हा फक्त हिशेब लिहायला वर जायची. मग कापडाची खरेदी माझ्याकडे आली, आणि अप्पांच्या माघारी सगळंच आम्हा नवराबायकोवर आलं.

अप्पांनी ही जागा घेतली ती थिएटरांवर नजर ठेवूनच. मंडईशी आर्यन, पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी सिनेमागृह, गंगाधरपंत पाठकांनी १९१५ साली सुरू केलेलं. तिथंच मिनर्व्हा. अप्पा बळवंत चौकाजवळ प्रभात, लक्ष्मी रस्त्याला विजय. विजयला अप्पा शेवटपर्यंत ‘लिमये’च म्हणत, कारण त्याचं जुनं नाव लिमये नाट्यचित्र मंदिर. दुरुस्तीच्या खुर्च्या हातगाडीवर घालून आणता येतील एवढ्या अंतरात सगळं गिऱ्हाईक होतं. कॅम्पातल्या व्हिक्टरीचं नाव निघालं की अप्पा हमखास सांगायचे की हेच ते पूर्वीचं कॅपिटॉल, १९४३ च्या जानेवारीत क्रांतिकारकांनी जिथं बॉम्ब उडवले आणि गोरे सोल्जर मेले ते. कामगार ऐकून कंटाळले होते, पण अप्पांना थांबवणार कोण?

जुन्या खुर्चीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आता हे विचारायला कोणी येत नाही. पाय बिडाचे ओतीव, त्यावर वेलबुट्टी किंवा थिएटरची अक्षरं. बैठक आणि पाठ वाकवलेल्या प्लायची, स्टॉलला नुसतीच, बाल्कनीला वर गादी. गादीत स्प्रिंगा आणि काथ्या. थिएटरची जमीन उतरती असते, त्यामुळे पुढचा पाय आणि मागचा पाय सारखा चालत नाही. उताराप्रमाणे पायाचा कोन बदलतो आणि उतारही पुढून मागे एकसारखा नसतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक थिएटरचे पत्र्याचे साचे असत, त्यावर तेलरंगाने रांगेचं अक्षर. शिवाय एकाच रांगेत सगळ्या खुर्च्या सारख्या रुंदीच्या नसतात. इंच-दोन इंचांचा फरक मुद्दाम ठेवतात, म्हणजे पुढच्याचं डोकं बरोबर समोर न येता दोन डोक्यांच्या मधून पडदा दिसतो. प्रेक्षकाला हे कधी कळत नाही, कळायचं कारणही नाही.

गादीचं दुसरं काम आवाजाचं. चांगली कापडी गादी माणसाइतकाच आवाज शोषते, म्हणून दुपारच्या रिकाम्या खेळालाही संवाद घुमत नाहीत. ऐंशीच्या दशकात मालकांनी पुसायला सोपं म्हणून सरसकट रेक्झिन मारून घेतलं. आम्हीच मारून दिलं, धंदा होता तो. आवाज घुमायला लागल्यावर दोष मात्र स्पीकरवाल्याला.

आणि ढेकूण. जुन्या थिएटरांच्या आठवणींनी गळा काढणारे लोक ढेकणांचं नाव घेत नाहीत. काथ्यात त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती असायची. दुरुस्तीला आलेली खुर्ची आमच्याकडे आधी उन्हात, मग उकळत्या पाण्याखाली, आणि मगच आत यायची. ब्लेडने फाडलेल्या गाद्यांचं काम वेगळंच. त्यावर आमची कित्येक वर्षं दिवाळी झाली.

मग टीव्ही रंगीत झाला, व्हिडिओ आला, केबल आली. आर्यन १९८३ मध्ये पाडलं. पुढे मिनर्व्हाही गेलं. आज दोन्ही जागी गाड्या लावतात आणि पार्किंगला लोक अजून आर्यन, मिनर्व्हाच म्हणतात. २००० नंतर मल्टिप्लेक्स आले, त्यांना सरकारने करमणूक करात सवलत दिली आणि एक पडद्याचे मालक पूर्ण कर भरत बसले. डेक्कनचं नटराज जाऊन तिथं मॉल झाला. आमच्याकडे दुरुस्तीऐवजी खुर्च्या उतरवून नेण्याची कामं येऊ लागली. भंगारात बिडाला किलोवर भाव, सागाला वेगळा. हॉटेलवाले आणि शूटिंगचे सेटवाले अख्खी रांग मागायचे. त्या काळात घर कशावर चाललं विचाराल, तर थिएटरं पडण्यावर चाललं.

नव्या पुशबॅक, म्हणजे पाठ मागे झुकणाऱ्या खुर्च्यांचं काम यजमानांनी तेव्हाच शिकून घेतलं. मल्टिप्लेक्सची मोठी कंत्राटं आमच्यासारख्याला मिळत नाहीत, पण शाळा-कॉलेजची सभागृहं, नाट्यगृहं मिळाली. करोनात थिएटरं बंद पडली आणि महाराष्ट्रात २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली, तेही निम्म्या खुर्च्यांवर. उघडण्याआधी फोन सुरू झाले. दीड वर्षात उंदरांनी फोम संपवला होता.

आता लोक विचारतात, जुनी थिएटरं वाचवायला हवीत ना? मुंबईत रीगल आहे १९३३ चं, इरॉस १९३८ चं. दोन्ही इमारती २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या भागात येतात. इरॉस बरीच वर्षं बंद होतं, २०२४ मध्ये आत आयमॅक्स, म्हणजे भल्यामोठ्या पडद्याचं थिएटर होऊन उघडलं. बाहेरचा लाल दगड तसाच, आतला हॉल नवा. हळहळणारे पुष्कळ आहेत, मला मात्र पटलं, कारण तिथं पुन्हा तिकिटं फाटतात. ग्रँट रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ ला बंद पडून २०१६ ला इतक्या निगुतीनं उभं केलं की आमच्या धंद्यातल्या माणसानं एकदा जाऊन बघावं. पण तिथं मागे संस्थानिक मालक होते. तालुक्याच्या थिएटरमालकाला वारशाचा फलक नको असतो, वीजबिल भरेल असा नव्या सिनेमाचा शुक्रवार हवा असतो.

अशा मालकांना मी एकच सांगते: खुर्च्या कमी करा. आठशे-हजारांचं थिएटर आता क्वचितच भरतं, आणि रिकाम्या खुर्चीलाही झाडलोट लागतेच. मागचा अर्धा भाग वेगळा काढा, पुढे तीनशे चांगल्या खुर्च्या बसवा, तिकीट शंभराच्या आत ठेवा. पडद्याची उंची आणि बाल्कनीचा कठडा तसाच ठेवता येतो. अशी काही कामं आम्ही सातारा-सांगलीकडे केली आहेत. गावांची आणि मालकांची नावं लिहीत नाही, त्यांचे भाऊबंदकीचे दावे चालू असतात.

जुन्या बिडाच्या पायांचे साचे आम्ही टाकलेले नाहीत. मोडका पाय असेल तर कोल्हापूरच्या ओतकाम कारखान्यातून तसाच ओतून मिळतो, मात्र मुदत महिनाभराची. आणि थिएटर पाडायचंच ठरलं असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी आम्हाला कळवा. मापं आणि फोटो घ्यायला आम्ही पैसे घेत नाही, चांगल्या रांगा रोखीनं विकत घेतो.