हजार वर्षांचा झिरा

लास व्हेगसच्या हॉटेलात आमच्या खोलीतल्या टेबलावर पाण्याची एक बाटली होती आणि तिच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी अडकवलेली होती. आईने चिठ्ठी बोटांत धरून विचारलं, "काय लिवलंय गं?" मी सांगितलं, 12 डॉलर. म्हणजे आपले हजार रुपये. आईने बाटली होती तिथेच ठेवली आणि हात पदराला पुसले. "पान्याचं?" एवढंच म्हणाली.

माझी आई माण तालुक्यातली. साताऱ्याचा पूर्वेकडचा, पाऊस पाठ फिरवतो तो भाग. तिथे दारात माणूस आला की आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. टँकरच्या मागे घागरी घेऊन धावायच्या दिवसांतही आमच्या घरी हे चुकलेलं मला आठवत नाही. म्हणून मला त्या चिठ्ठीचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. खोलीचं भाडं घ्या, त्यावर रिसॉर्ट फी म्हणून जवळपास तेवढेच पैसे पुन्हा घ्या, गाडी उभी करायचे घ्या; पण वाळवंटातल्या गावात वस्तीला आलेल्या माणसापुढे पाणी ठेवावं आणि त्याला दोरीने किंमत बांधावी, हे मला पटत नाही.

आता हे हॉटेल निवडलं कुणी, तर मीच. 2024 चा ऑक्टोबर. आई डॅलसला आमच्याकडे सहा महिने राहायला आली होती, परत जायच्या आधी तिला कॅन्यन दाखवायचे होते. व्हेगसचं विमान स्वस्त, मधल्या वारी खोल्या स्वस्त, म्हणून मी ठरवलं: मुक्काम तिथे, आणि रोज सकाळी गाडी काढून एकेक ठिकाण करून यायचं. नकाशावर सगळं जवळ दिसतं. युटा राज्यातली दोन राष्ट्रीय उद्यानं, झायन एका बाजूने अडीच तास आणि ब्राइस चार तास, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ साडेचार तास. सहासष्ट वर्षांच्या बाईला घेऊन पाच दिवसांत एवढी गाडी हाकायची नसते. झायनसाठी सेंट जॉर्जला किंवा पार्काच्या दाराशी स्प्रिंगडेलला राहायला हवं होतं. दोनशे डॉलर वाचवायच्या नादात मी आईला रोज जुगाराच्या यंत्रांमधून, सिगारेटच्या धुरातून लिफ्टपर्यंत चालवलं. ती नाकाला पदर लावून, काही न बोलता चालायची. खोलीत चहा करायला किटलीसुद्धा नव्हती. मागितली तर नाही म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी आम्ही बेलाजिओ हॉटेलची कारंजी बघायला गेलो. गाणं सुरू झालं, पाणी शंभर-दीडशे फूट उसळलं, लोक मोबाइल वर करून उभे. आई कठड्याला धरून बघत होती. बघून झाल्यावर विचारलं, "ह्यास्नी पाणी कुठनं येतं?" मला माहीत नव्हतं. रात्री वाचलं: त्या तळ्याचं पाणी जुन्या विहिरीचं, पूर्वी तिथे गोल्फचं मैदान होतं त्याच्यासाठी खोदलेल्या. मग वाचतच बसले. 'लास व्हेगस' म्हणजे स्पॅनिशमध्ये कुरणं. तिथे खरोखरच झरे होते, त्यांच्या ओलीवर गवत होतं. त्याच पाण्यावर 1905 मध्ये रेल्वेचं गाव वसलं. उपसा वाढत गेला आणि 1962 मध्ये झरे वाहायचे थांबले. आता गावाच्या पाण्यातलं सुमारे नव्वद टक्के कोलोरॅडो नदीचं, हूवर धरणामागच्या लेक मीडमधून आणलेलं. घराघरांतून मोरीत गेलेलं जवळपास सगळं पाणी शुद्ध करून पुन्हा लेक मीडमध्ये सोडतात. नुसत्या शोभेच्या गवताला 2027 पासून कोलोरॅडोचं पाणी घालायचं नाही, असा कायदा नेवाडाने 2021 मध्ये केला. हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "शहाणं झालं म्हणायचं गाव." आम्ही गेलो तेव्हा जुलैच्या मध्यापासून तिथे मोजण्याजोगा पाऊस झालेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी झायन. आंतरराज्य महामार्ग पंधरावरून निघालं की मेस्कीटनंतर रस्ता ॲरिझोनाचा एक कोपरा कापतो आणि व्हर्जिन नदीच्या घळीत शिरतो. दोन्ही बाजूंना उभे कडे, खाली नदी आणि रस्ता एकमेकांना ओलांडत जातात. पुढे युटा लागलं की घड्याळ एक तास पुढे. हा तास मी हिशेबात धरलाच नव्हता. पार्कात पोचलो तेव्हा गाड्या लावायला जागा उरली नव्हती. मागे स्प्रिंगडेलमध्ये पैसे भरून गाडी लावली आणि पार्काच्या शटल बसच्या रांगेत उभे राहिलो. शटल चालू असते त्या मोसमात दरीत पुढे खाजगी गाड्या नेता येत नाहीत, 2000 सालापासून ही पद्धत. मला गर्दीचा मनापासून तिटकारा आहे, आणि त्या रांगेत पाऊण तास गेला. पण एक सांगते. बसमध्ये चढल्याबरोबर चार माणसं आईसाठी उठली. पाचवारी साडी, खाली पांढरे बूट, कपाळावर ठसठशीत कुंकू; एकीने तिला खिडकीची जागा दिली आणि वरचे कडे दिसावेत म्हणून स्वतः सरकून बसली.

शेवटचा थांबा 'टेंपल ऑफ सिनावावा'. आईने मराठीत अर्थ विचारला, मी म्हटलं सिनावावाचं देऊळ. सिनावावा हा पायूट या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा कोयोटी-देव; कोयोटी म्हणजे कोल्ह्यासारखा एक रानटी प्राणी. ही दरी त्यांची. आईने इकडेतिकडे देऊळ शोधलं, मग वर पाहिलं. तांबड्या भिंती दोन्हीकडून आभाळापर्यंत गेलेल्या, मधे नदी, काठाला कॉटनवूडची झाडं नुकती पिवळी पडायला लागलेली. तिने पदर डोक्यावर घेतला.

तिथून नदीकाठाने मैलभर सपाट, बांधीव वाट आहे. वाट संपते तिथे दरी इतकी अरुंद होते की पुढे नदीतूनच चालावं लागतं. माझा नवरा भाड्याचे बूट आणि काठी घेऊन त्या 'नॅरोज'मध्ये निघाला. "आई, तुम्ही दोघी इथेच बसा, मी तासाभरात येतो," म्हणाला. वाटेच्या सुरुवातीला पुराच्या धोक्याची सूचना लावलेली होती. मी वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "बरोबर हाय. पाऊस वर डोंगरात, आन् लोंढा खाली. आभाळ निरभ्र दिसतंय म्हणून फसू नये." 2015 च्या सप्टेंबरमध्ये याच पार्कातल्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण असेच वाहून गेले होते.

परतीच्या वाटेवर एका ठिकाणी कडा ओला होता. पाऊस नाही, वर ओढा नाही, आणि भिंत मात्र पाझरत होती. दगडातून थेंब फुटायचा, जरा थरथरायचा, खालच्या शेवाळावर पडायचा. थेंब पडला की शेवाळाचं टोक वाकायचं आणि परत वर यायचं. त्या ओलीला धरून नेच्याचे हिरवे झुपके लोंबत होते, काळ्या बारीक देठांचे, पंखासारख्या पानांचे. आई एकदम थांबली. "आगं, ह्यो तर हंसराज! आमच्या आडात दगडांच्या फटीत असतो त्यो." मी नीट पाहिलं. खरंच, त्याच जातकुळीतला.

जवळच एक पार्क रेंजर बाई मुलांच्या घोळक्याला समजावत होत्या. मी ऐकून आईला सांगत गेले. हा सगळा डोंगर म्हणजे एके काळची वाळूची टेकाडं. अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी इथे वाळवंट होतं, त्या वाळूचा दगड झाला. दगड झाला तरी कणाकणांत पोकळी राहिली. वर पठारावर पाऊस पडतो, बर्फ वितळतं, ते पाणी त्या पोकळीतून खाली खाली उतरतं. तळाशी दुसरा, घट्ट थर लागतो. तो पाणी पुढे जाऊ देत नाही, मग ते आडवं सरकतं आणि कड्याला असं बाहेर येतं. वरून इथवर पोचायला त्याला हजाराहून जास्त वर्षं लागतात.

"किती?" आईने विचारलं.

"हजार. त्याहून जास्तच."

"म्हंजी माउलींच्याही आधी पडल्यालं पाणी."

"हो."

आई बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाळूतनं येतंय म्हंजी झिराच की ह्यो."

ज्यांना झिरा माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. नदी आटली तरी वाळूच्या पोटात पाणी असतं. पात्रात कमरेइतका, कधी पुरुषभर खड्डा करायचा, त्याच्या तळाशी पाणी पाझरून गोळा होतं. ते करवंटीने किंवा वाटीने भरायचं. बहात्तरच्या दुष्काळात आई चौदा वर्षांची होती. दिवसा आजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची, अमेरिकेतून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी खायची. रात्री माणगंगेत झिऱ्यावर नंबर. पहिल्या दोन वाट्या गढूळ, त्या टाकून द्यायच्या. मग थांबायचं. तळ भरला की वाटी अलगद टेकवायची, धसमुसळेपणा केला तर वाळू ढवळते आणि पुन्हा थांबावं लागतं. एक हंडा भरायला तास. अंगाने बारीक म्हणून आत आईलाच उतरवायचे. ती सांगत होती, "एकदा वाटीची वाट बघता बघता वाळूला डोकं टेकून झोपले. गार वाळू. वरनं आई हाका मारतीय आन् मला ऐकूच येईना. जागी झाले तर झिरा भरून माझ्या घोट्याला पाणी लागल्यालं."

ही गोष्ट मी तिच्या तोंडून कधी ऐकलेली नव्हती. मिलो ठाऊक होता, खडी ठाऊक होती. झोपेची गोष्ट तिने बावन्न वर्षांनी, युटातल्या एका कड्याखाली सांगितली.

झाडांना आणि शेवाळाला हात लावायचा नाही असं रेंजर बाईंनी मुलांना सांगितलं होतं. त्या ओलसर भिंतींवर टाचणीच्या डोक्याएवढी गोगलगाय राहते, जगात दुसरीकडे कुठेच नाही. आईला मी ते सांगितलं. मग तिने खाली, जिथे नुसता उघडा दगड ओला होता, तिथे तळवा टेकवला. हात ओला झाल्यावर दोन्ही डोळ्यांना लावला. मागून लोक जात होते, कुणी थांबलं नाही, कुणी फोटो काढला नाही. त्याबद्दल मी त्या अनोळखी गर्दीची आभारी आहे.

"आमचा झिरा आता न्हाय," ती उठताना म्हणाली. "वाळूच नेली सगळी उपसून. वाळू गेल्यावर पाणी ऱ्हाणार कशात?"

यावर मी काय बोलणार! डॅलसला घर बांधणारी मी, पुण्यातला माझा फ्लॅट कुठल्या नदीच्या वाळूचा आहे हे मी कधी विचारलेलं नाही.

थांब्यापाशी पाणी भरायचे नळ आहेत, झऱ्याचं पाणी येतं, फुकट. आईने पिशवीतून स्टीलची बाटली काढली, भरली, आधी जावयाला दिली, मग मला, शेवटी स्वतः प्यायली. पुन्हा भरून घेतली.

पुढचे दिवस भराभर गेले. ब्राइसला पोचेपर्यंतच आम्ही थकलो. आठ हजार फुटांवरच्या थंडीत आईला धाप लागली, दरीत उतरणं सोडून दिलं. काठावरून खालचे हजारो दगडी सुळके बघताना ती एवढंच म्हणाली की रिंगणाला वारकरी उभे राहिल्यागत दिसतायत. पायूट लोकही त्यांना शिळा झालेली माणसंच मानतात. ग्रँड कॅन्यनचा बेत मी रद्द केला, आणि तो रद्द केल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्याऐवजी पाऊण तासावरचं हूवर धरण पाहिलं. लेक मीडच्या काठच्या खडकांवर उंच पांढरा पट्टा होता, पूर्वी पाणी जिथवर असायचं तिथपर्यंत. आई तो पट्टा डोळ्यांनी मोजत होती.

तिथे मी तिला सांगितलं की झायनमधली ती व्हर्जिन नदी शेवटी ह्याच तळ्याला येऊन मिळते.

"म्हंजी भिंतीतलं ते पाणी?"

"तेही ह्यातच येतं."

"आन् हितनं हाटेलात?"

"हो. नळाला."

शेवटच्या सकाळी बाटली टेबलावर तशीच होती, चिठ्ठीसकट. मी दात घासत होते, नळ चालूच होता. आई मागून आली, माझ्या खांद्यावरून हात घालून तिने तो बंद केला, आणि घट्ट झालाय का ते पुन्हा एकदा पिळून पाहिलं.