नॉर्मलायझेशनला आव्हान द्यायचंय? आधी आपल्या शिफ्टचे दोन आकडे मागा

वेगवेगळ्या शिफ्टमध्ये वेगवेगळे पेपर झाले की सगळ्यांचे गुण एका मापावर आणायला सूत्र वापरतात, तेच नॉर्मलायझेशन. त्यातून २०२३ च्या तलाठी भरतीत २०० पैकी २१४ गुण दिसले. तेव्हापासून ठाणे-बेलापूरकडच्या अभ्यासिकांत एकच चर्चा: एवढा पुरावा कोर्टाला पुरेसा नाही का? नाही. कमाल गुणांच्या पुढे जाणं हा सूत्राचाच परिणाम असू शकतो.

सरासरी आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) वापरणारी पद्धत घ्या. समजा, तुमच्या शिफ्टची सरासरी ८०, विचलन २६. आधार धरलेल्या शिफ्टची सरासरी १०४, विचलन ३०. कच्चे गुण १७१. (१७१ − ८०) ÷ २६ = ३.५. त्याला ३० ने गुणून १०४ मिळवले की २०९. याच शिफ्टमध्ये ८० गुण असलेल्याचे १०४ होतात. म्हणजे एकाला ३८ वाढ, दुसऱ्याला २४. ‘पेपर अवघड म्हणून सगळ्यांना सारखे गुण’ असं इथे होतच नाही. विचलनातला फरक टोकाच्या उमेदवारांना जास्त हलवतो, आणि मेरिट तिथेच ठरतं.

खरी कमजोर जागा वेगळी आहे. सगळ्या शिफ्टमधले उमेदवार सरासरीने सारख्याच तयारीचे आहेत, हे सूत्र गृहीत धरतं. वाटप यादृच्छिक असेल तर ते बरंचसं खरं. पण शिफ्ट जिल्ह्यानुसार भरल्या, किंवा एखाद्या शिफ्टला फार थोडी मुलं बसली, की पेपर सोपा होता की मुलं हुशार, हे सूत्राला कळत नाही. दुसरा घोळ क्रमाचा. हरकती, अंतिम उत्तरतालिका, रद्द प्रश्न हे सगळं आधी उरकायला हवं, नॉर्मलायझेशन त्यानंतर. आधीच्या तालिकेवर सरासरी काढली असेल तर पुढचा प्रत्येक आकडा चुकीचा.

म्हणून माहिती अधिकारात मागायचं ते हे: शिफ्टनिहाय सरासरी आणि विचलन हे दोन आकडे, शिवाय उपस्थिती, आधार शिफ्ट कोणती, शिफ्टवाटपाचा निकष. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये, एकच विषय, १५० शब्दांची मर्यादा. दुसऱ्यांचे कच्चे गुण मागत बसू नका. अंगेश कुमार प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने यूपीएससीला ते देण्याची सक्ती केली नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा ‘संजय सिंग’चा २००७ चा निकाल सगळेच जोडतात, बहुतेक वेळा न वाचता. तिथे उत्तर प्रदेशातल्या दिवाणी न्यायाधीश परीक्षेत सर्वांना तेच सक्तीचे पेपर होते, फरक होता तपासणाऱ्यांचा. त्याला मॉडरेशन (तपासणाऱ्यांच्या सैल-कडक हातातला फरक काढणं) हा इलाज, स्केलिंग (सूत्राने गुण बदलणं) नव्हे, असं न्यायालय म्हणालं. तुमच्याकडे पेपरच वेगवेगळे असतील तर हा निकाल जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय आधी झालेल्या नेमणुका तेव्हाही मोडल्या नव्हत्या.

यापेक्षा भक्कम मुद्दा म्हणजे जाहिरात. नॉर्मलायझेशनचा उल्लेख होता का? सूत्र नंतर बदललं का? भरती सुरू झाल्यावर नियम मधेच बदलता येत नाहीत, मुळातल्या नियमांनी तशी मुभा दिली असेल तरच येतात. तेज प्रकाश पाठक प्रकरणात घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा सांगितलं. मात्र सूत्र जाहिरातीत असताना तुम्ही मुकाट परीक्षा दिली आणि नापास झाल्यावर तक्रार केली, तर ‘मदन लाल’ (१९९५) हा निकाल समोर ठेवला जाईल: निवडीत भाग घेऊन, यश न आल्यावर तिच्या पद्धतीला आव्हान देता येत नाही.

कुठे जायचं, यातही लोक वेळ घालवतात. तलाठी, एमपीएससीमार्फतची राज्य सेवेची पदं: मॅटचं (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं) मुंबई पीठ, नंतर उच्च न्यायालय. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिका, सिडको: थेट उच्च न्यायालय. मॅटला मुदत साधारण एक वर्ष, पण ती कागदावरची. नेमणूकपत्रं निघाली की अंतरिम आदेश मिळणं अवघड होतं. आणि निवड झालेल्यांपैकी काही जणांना प्रतिवादी करा. यादी रद्द करा म्हणायचं आणि यादीतल्या एकालाही नोटीस नाही, अशा याचिकेत सूत्रापर्यंत युक्तिवाद पोहोचतच नाही.