आईचा आयएनआर आणि खिडकी नंबर सहा

आईच्या हृदयात धातूची झडप बसवली त्याला चार वर्षं झाली. ऑपरेशन, विमा, टाके, सगळं निभावलं. छळलं ते इस्पितळाच्या रिपोर्ट देणाऱ्या खिडकी नंबर सहाने.

रक्त पातळ ठेवायची गोळी (असेनोकुमारॉल) आता जन्मभर. डोस ठरवायला दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी; आकडा जितका मोठा तितकं रक्त पातळ. आईची झडप मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली), त्यामुळे आकडा 2.5 ते 3.5 मध्ये हवा. रक्त सकाळी साडेआठला घेणार, रिपोर्ट दुपारी तीनला मिळणार आणि ओपीडी एकलाच बंद! कराडहून पुण्याला आलेल्या माणसाला खिडकी शांतपणे सांगते, "डोस विचारायला उद्या या." फोनवर सांगत नाहीत. आई बिचारी पहिले सहा महिने उपाशी बसून राहिली. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, हे सांगायला कुणाचं काय जात होतं? डबा न्या, मुकाट्याने खा.

दुसऱ्या हिवाळ्यात आकडा 1.7 आला. डोस वाढवला. पुढच्या महिन्यात 1.8. पुन्हा वाढवला. दर वेळी डॉक्टर नवा, प्रश्न जुनाच: "आजी, गोळ्या चुकवता का?" आई रडकुंडीला आली. "खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी," म्हणाली. गोळी तिने खरंच चुकवली नव्हती. पण परसात मेथी, पालक, चाकवत मातलेले, आणि रक्त वाढतं म्हणून दोन्ही वेळेला पालेभाजी. त्यातलं के जीवनसत्त्व या गोळीच्या बरोबर उलट काम करतं. ताटात काय असतं हे कुणी विचारलंच नाही.

मार्चमध्ये वाफे वाळले, भाजी थांबली, डोस मात्र वाढलेलाच. एका सकाळी चूळ गुलाबी, दंडावर बांगडीएवढा काळानिळा डाग. आयएनआर 5.4. त्या दिवशी मी खिडकीवरून हललेच नाही, तेव्हा कुठे आतून एक डॉक्टर आले. त्यांनी दोन दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली आणि विचारलं, "आजी, जेवता काय काय?" मग आईने पिशवीतून शेजारच्या काकूंनी दिलेल्या लसणाच्या कॅप्सूलही काढल्या. मलाही पत्ता नव्हता. फोडणीतला लसूण चालतो, पण कॅप्सूलने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून त्या बंद.

भाजी मात्र सोडायची नाही, सारखी ठेवायची. आमच्याकडे आता आठवड्यातून तीनदा, एकेक वाटी. एकदम वाढवायची नाही, एकदम तोडायचीही नाही. वहीत तारीख, आकडा, डोस आणि भाजी. काढा, चूर्ण, काहीही नवं सुरू करायच्या आधी विचारायचं. गुडघे दुखले तरी दुकानातून परस्पर गोळी आणायची नाही, हे आईला अजून पटलेलं नाही.

हो, एक राहिलंच: रक्त घेतात ती निळ्या टोपीची नळी खुणेपर्यंत भरली की नाही ते तिथेच बघा. आमची एकदा अर्धवट भरली, नमुना बाद झाला, आणि ते आम्हाला कळलं दुपारी तीनला, खिडकी नंबर सहावर.