नॉर्विचच्या कळसावरचे बहिरी ससाणे : एक दिवस, मान वर करून

चार तास मान वर करून बसले, आणि जे बघायला गेले होते तेच नेमकं हुकलं. ससाणा झेपावला तेव्हा मी थर्मासचं झाकण फिरवत होते. भाचा ओरडला, "अगं आत्या, वर बघ!" मी वर बघेपर्यंत हवेत नुसती पिसं तरंगत होती. खालच्या हिरवळीवर बसलेल्या वीस-पंचवीस जणांनी एकदम "आह" केलं, आणि माझ्या हातात चहाचं झाकण.

तरी सांगते, हा दिवस वाया गेला नाही. तुम्ही जाणार असाल तर झेप बघायच्या हट्टाने जाऊ नका, संसार बघायला जा. तो हमखास दिसतो.

भाचा लंडनला नोकरीला आहे. मी मे महिन्यात त्याच्याकडे होते आणि एक दिवस तरी बहिरी ससाण्यासाठी, म्हणजे पेरेग्रिन फाल्कनसाठी, राखून ठेवायचा असं निघतानाच ठरवलं होतं. लंडनमध्येही ते आहेत. टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या ९९ मीटर उंच चिमणीवर कित्येक वर्षं ते बसलेले दिसतात, आणि नदीकाठून जाता-येता नशीब असेल तर दर्शन घडतं. पण निवांत बसून, कुणीतरी समजावून सांगत असताना घरटं बघायचं तर पूर्व इंग्लंडमधलं नॉर्विच बरं, तिथे मोठ्या जुन्या चर्चच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या, कळसावर घरटं आहे. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून थेट गाडी आहे, दोन तासांच्या आत पोचवते. तिकीट आधी काढलंत तर बरंच स्वस्त पडतं. आम्ही आदल्या रात्री काढलं आणि त्याची शिक्षा भोगली.

आधी नावाबद्दल. 'बहिरी' म्हटल्यावर भाच्याने पहिला प्रश्न विचारला, "त्याला ऐकू येत नाही का?" तसं काही नाही. हा शब्द अरबी 'बह्र' म्हणजे समुद्र यावरून फिरत फिरत आपल्याकडे आला, शिकारी पक्षी पाळणाऱ्यांच्या तोंडून. त्या लोकांच्या भाषेत बहिरी म्हणजे मादी. नर तो नुसता 'बहिरी बच्चा'. मादीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने लहान असल्यामुळे बिचारा आयुष्यभर बच्चाच राहिला. कळसावर दोघं शेजारी बसल्यावर हा फरक साध्या दुर्बिणीतूनही कळतो.

नॉर्विच स्थानकातून बाहेर पडलात की मोठ्या रस्त्याने जाऊ नका. पूल ओलांडून लगेच उजवीकडे वेन्सम नदीच्या काठाने चालायला लागा. दहा मिनिटांत पुल्स फेरी नावाची जुनी दगडी कमान लागते. कॅथेड्रल बांधायला १०९६ मध्ये सुरुवात झाली, तेव्हा फ्रान्समधल्या कां (Caen) गावाहून आणलेला दगड बोटीने इथूनच कालव्यात आत जायचा. कालवा कधीच बुजला, आता तिथून गल्ली आहे, आणि ती सरळ कॅथेड्रलच्या आवारात नेऊन सोडते. या वाटेचा फायदा असा की कळस आधी लांबून दिसतो. ९६ मीटरचा. इंग्लंडमध्ये याहून उंच कळस फक्त सॉल्सबरीचा. लांबून बघताना तुम्हाला आपोआप कळतं की ससाण्याला ही इमारत म्हणजे देऊळ वगैरे काही नाही. कडा आहे. अवतीभवती सपाट मुलूख, मधोमध हा एकच सुळका, आणि पायथ्याशी अख्ख्या शहराचे पारवे.

कडा असला तरी त्यावर घरटं होईलच असं मात्र नाही. ससाणे काड्या आणून घरटं बांधत नाहीत. खडी, माती असेल तिथे छातीने आणि पायांनी एक उथळ खळगा करतात आणि त्यात अंडी घालतात. जुन्या इमारतींच्या दगडी पन्हळीत अंडी घरंगळतात, पावसाचं पाणी साचतं, सगळं फुकट जातं. म्हणून हॉक अँड आउल ट्रस्ट या शिकारी पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये कळसावर सुमारे ७५ मीटर उंचीवर खडी भरलेली एक पेटी बसवली. २०१२ मध्ये तिथे पिल्लं निघाली. आता दर वसंतात आवारातल्या हिरवळीवर मांडव टाकून, स्कोप म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणी लावून स्वयंसेवक बसतात, साधारण एप्रिलपासून जूनपर्यंत, दिवसा. पैसे लागत नाहीत, डबा ठेवलेला असतो त्यात जमेल ते टाकायचं. वेळा दरवर्षी थोड्या बदलतात, त्यामुळे निघण्याआधी ट्रस्टच्या संकेतस्थळावर बघून घ्या. वारा-पाऊस जोराचा असेल तर मांडव गुंडाळून ठेवतात.

आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. पिल्लं तीन-साडेतीन आठवड्यांची होती. हे वय सगळ्यात गमतीचं. पांढऱ्या कापसातून काळपट पिसं फुटायला लागलेली असतात, त्यामुळे जुनी गादी उसवल्यासारखा अवतार असतो. एक पिल्लू पेटीच्या कडेला उलटं सरकत आलं, शेपूट बाहेर काढली आणि पांढरी पिचकारी थेट कळसाच्या दगडावर. स्कोपला डोळा लावलेली एक लहान मुलगी हसून हसून खाली बसली.

सव्वाअकराच्या सुमारास आवाज आला. कर्कश, तुटक, "केक्-केक्-केक्". हा आवाज पाठ करून ठेवा, कारण डोळ्यांआधी कानांना ससाणा सापडतो. नर काहीतरी घेऊन आला होता. मादी पेटीवरून उठली, त्याच्या दिशेने झेपावली आणि हवेतच ते त्याच्याकडून घेतलं. दोन सेकंदांचा व्यवहार. तो गेला. ती परत येऊन बसली, आणि मग जे सुरू झालं ते मी वीस मिनिटं हललेदेखील नाही अशी बघत राहिले.

एका पायाखाली पारवा दाबून धरलेला. चोचीच्या वरच्या पात्याला एक बारीक दाता असतो, सावज पकडल्यावर त्याची मान मोडायला तो उपयोगी पडतो. त्याच चोचीने ती तुकडा तोडायची, आपल्या डोळ्यांसमोर धरायची, मान किंचित तिरकी करायची आणि एका पिल्लाच्या चोचीत अलगद सोडायची. तुकडा मोठा निघाला तर स्वतः गिळायची. पिल्लं ओळीने बसलेली, अगदी पंगत. पुढे रेटणाऱ्याला आधी मिळत होतं, पण त्याचा गळा भरला की ते मागे सरून पेंगायचं आणि तिची चोच आपोआप पुढच्याकडे वळायची. शेवटचं, अंगाने लहान पिल्लू मागेच होतं. त्याला मिळतंय की नाही या काळजीने आम्ही दोघं अस्वस्थ. मिळालं. शेवटी, पण पोटभर मिळालं. भाचा स्कोपपासून बाजूला झाला आणि म्हणाला, "आत्या, ही आपली आजी आहे गं."

मांडवातल्या एका आजीबाई स्वयंसेविका होत्या, हातमोजे घालून. त्यांच्याजवळ एक जुना बिस्किटांचा डबा होता. त्यात ससाण्यांनी खाली टाकलेले अवशेष: पारव्याचे पंख, मैनेसारख्या एका पक्ष्याचं डोकं, आणि एक पाय. तो पाय त्यांनी माझ्या तळहातावर कागदावर ठेवला. हिरवट, चपटा, आणि बोटांना पडदा नाही तर प्रत्येक बोटाला स्वतंत्र पाळ, पिंपळाच्या पानाच्या कडेसारखी. मी एकदम म्हटलं, ही टिबुकली! आपल्या तळ्यांवर बुड-बुड करणारी तीच. पण शहराच्या मधोमध टिबुकली कुठून येणार? त्यावर त्यांनी विचारलं, "ती प्रवास कधी करते?" रात्री. रात्रीच्या स्थलांतरात टिबुकल्या, वुडकॉक असे पक्षी शहरावरून जातात, खालच्या दिव्यांच्या उजेडात त्यांची पोटं उजळतात, आणि मनोऱ्यावर अंधारात बसलेला ससाणा खालून वर जाऊन त्यांना उचलतो. इंग्लंडमधल्याच डर्बी शहरातल्या कॅथेड्रलवर लावलेल्या कॅमेऱ्यांत रात्री सावज घेऊन येणारे ससाणे टिपले गेले आहेत. दिवसा पारवे, रात्री पाहुणे. शहराने त्याला नुसती जागा दिली नाही, दुसरी पाळीही दिली.

इंग्लंडने ससाण्याला नेहमीच असं वागवलं नव्हतं, हेही त्या बाईंनीच सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात विमानातून निरोप आणणारी कबुतरं ससाणे मारतात म्हणून १९४० मध्ये सरकारनेच त्यांना मारायचा हुकूम काढला. सहाशेच्या आसपास मारले गेले. पुढे १९६० मध्ये शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनी तक्रार केली की ससाणे फार माजलेत. सरकारने मोजणी करवली, आणि निघालं उलटंच: ससाणे झपाट्याने नाहीसे होत होते. डीडीटीसारखी कीटकनाशकं सावजातून त्यांच्या अंगात साठत होती आणि अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की उबवणाऱ्या आईच्याच वजनाने फुटत. मोजणीचं काम पाहणाऱ्या डेरेक रॅटक्लिफ यांनी हे कवचाचं गणित १९६७ मध्ये प्रसिद्ध केलं. तक्रार करायला गेलेल्यांनीच ससाणे वाचवले म्हणायचे.

आता झेप. ती झाली साधारण अडीच वाजता, आणि ती माझी कशी हुकली ते वर सांगितलंच. भाच्याने बघितली, म्हणाला, काहीतरी काळं पडलं आणि मग पिसं. ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाणारी वस्तू बघायला मिळणं याचा अर्थ एवढाच. माझ्या वाट्याला पारव्याचं एक करडं पीस आलं, गिरक्या घेत थेट बुटापाशी पडलं. तुम्हाला झेप बघायचीच असेल तर ससाण्याकडे बघत बसू नका, पारव्यांकडे बघा. छपरावरचा अख्खा थवा एकदम फुटून उडाला की वर बघायचं. आणि चहा आधीच पिऊन घ्या.

सामानाचं म्हणाल तर ८x४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरे, कारण स्कोप तिथे असतातच. त्यापेक्षा महत्त्वाची वस्तू म्हणजे चटई. उभं राहून ७५ मीटर वर बघितलं तर अर्ध्या तासात मान जाते. गवतावर आडवं पडून बघितलं तर दिवसभर चालतं. लोकांना संकोच वाटत नाही तिथे, तुम्हीही बाळगू नका. मे महिना आहे म्हणून सुती कुडत्यावर गेलात तर वारा धडा शिकवतो. मी भाच्याचं जाकीट घेतलं आणि तो दिवसभर कुडकुडला. फोटोच्या नादाने जाऊ नका, मोठी लेन्स नसेल तर ठिपकाच येतो. कंटाळा आलाच तर कॅथेड्रलच्या आत जाऊन या, आत जायला तिकीट नाही. दुमजली मठ-ओसऱ्या आहेत, त्या बघण्यासारख्या आहेत, पण खरं सांगायचं तर मी पाच मिनिटांत परत बाहेर आले.

कधी जावं? पिल्लांचा पोरकटपणा बघायचा तर मेचा उत्तरार्ध. उडायचे धडे बघायचे तर जूनचा मध्य. त्या आठवड्यात एखादं पिल्लू खाली, भलत्याच ठिकाणी उतरतं. असं दिसलं तर उचलायचं नाही, जवळ जायचं नाही, मांडवातल्यांना सांगायचं. ब्रिटनमध्ये घरट्याजवळ त्रास देणं हा गुन्हा आहे. तिथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे खास संरक्षण असलेल्यांच्या यादीत, ससाणा आहे, आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही तो पहिल्याच अनुसूचीत आहे.

आपल्याकडचा विषय निघालाच आहे तर: सह्याद्रीच्या कड्यांवर जो शाहीन ससाणा असतो तो याचाच भाऊबंद, जरा लहान, जरा गडद, पोटाला विटकरी झाक. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले बहिरी ससाणेही शहरातल्या उंच इमारतींवर, मोबाइलच्या मनोऱ्यांवर येऊन बसतात. गच्चीवर जाऊन पारव्यांकडे लक्ष ठेवा. शाहीनच्या घरट्यापाशी मात्र दोर टाकून कड्यावरून उतरायचा शहाणपणा कुणी करू नये, फोटोसाठी तर नाहीच.

चारच्या सुमारास मांडव आवरायला लागले, आम्हीही चटई गुंडाळली. गाडीत बसल्यावर भाच्याने फोनवर पेटीच्या कॅमेऱ्याचं थेट प्रक्षेपण लावलं. पिल्लं एकमेकांवर पडून झोपली होती. गाडी सुटली, मी डोळे मिटले. "आत्या," तो हळूच म्हणाला, "ती आत्ता आली बघ, काहीतरी मोठं घेऊन." मी चष्मा शोधेपर्यंत गाडी रेंजच्या बाहेर गेली होती.