झोपेची तक्रार

मंगळवारी सकाळी साडेनऊला तक्रार आली. एकाच अर्जात दोन गोष्टी होत्या. शेजारच्या अंगणात पेट्रोलचा लीफ ब्लोअर, म्हणजे पडलेली पानं हवेच्या झोताने उडवायचं यंत्र, चालू आहे, आणि परसावर ड्रोन घिरट्या घालतोय. खाली एक ओळ: ‘मी रात्रपाळीची नर्स आहे. मला झोपू द्या.’

कॅलिफोर्नियातल्या एका लहान शहराच्या कचेरीत मी कोड एन्फोर्समेंटचं काम करते. शहराने केलेले नियम पाळले जातात का, हे बघायचं. कुंपणाची उंची, परवान्याशिवाय घातलेली शेड, महिनोन्‌महिने रस्त्यावर धूळ खात पडलेली गाडी, आणि ऑक्टोबर लागला की ब्लोअर. नऊ वर्षांत ब्लोअरच्या शेकडो तक्रारी हाताळल्या असतील. ड्रोनच्याही अधूनमधून येतात. पण दोन्ही एकाच घरातून, एकाच वेळी आल्या त्या याच वेळी, आणि त्या दिवसाने माझ्या कामाची एक दुखरी बाजू मला जितकी उघडी करून दाखवली तितकी आधी कधी दिसली नव्हती.

गल्लीत दोन्ही बाजूंना लिक्विडअंबरची झाडं आहेत. पाच टोकांची लालभडक पानं आणि त्यांच्यात काटेरी बोंडं, नुसता सडा पडलेला. नर्सबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचे डोळे तारवटलेले होते. बेडरूमच्या खिडकीला त्यांनी काळा कागद चिकटवला होता, त्याच्या कडा टेपने बंद केल्या होत्या. उजेड अडला होता, आवाज कसा अडणार? “आठला घरी आले, तेव्हापासून तिसऱ्यांदा उठलेय,” त्या म्हणाल्या. “आज रात्री पुन्हा बारा तास. औषधाचा डोस मोजताना माझा डोळा लागला तर?”

मी गाडीतून टेप आणि साउंड मीटर काढला. आवाज मोजायचा तो यंत्रापासून ५० फुटांवरून, म्हणजे साधारण १५ मीटर. ब्लोअरवर छापलेला डेसिबलचा आकडाही त्याच अंतराचा असतो. फुटपाथवर खडूने खूण केली, मीटरच्या तोंडावर वाऱ्यासाठी स्पंजचा गोळा बसवला आणि उभी राहिले. यंत्र थांबलेलं असताना गल्लीचा आवाज ४७ होता. सुरू झाल्यावर ७६. आमच्याकडची मर्यादा ६५. कागदावर हा फरक अकराचा दिसतो, पण डेसिबलची मोजणी सरळ चालत नाही. दहाने वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. शिवाय या इंजिनाचा खालच्या पट्टीतला घुमारा भिंतीतून, काचेतून आत शिरतो. मिटलेल्या खिडकीमागेही माणूस जागा होतो तो त्यामुळेच.

खरं तर मोजायचीही गरज नव्हती. आमच्या शहरात निवासी भागात पेट्रोलचा ब्लोअर चालवायलाच बंदी आहे. तरी मी मोजते. समोरच्या माणसाला नियम दाखवण्याआधी आपल्या हातात स्वतः बघितलेलं काहीतरी असावं.

ब्लोअर चालवणारा पन्नाशीतला माळी होता, सोबत त्याचा पुतण्या पंजाने पानं ओढत होता. माझा बिल्ला दिसताच त्याने इंजिन बंद केलं आणि यंत्र पाठीवरून उतरवलं. पट्ट्यांच्या जागी शर्ट घामाने काळपट झाला होता, भुवयांवर धुळीचा थर बसला होता. पेट्रोल आणि ऑइल एकत्र जळल्याचा तो ओळखीचा वास. टू-स्ट्रोक इंजिनात इंधनाचा बराचसा भाग न जळताच बाहेर पडतो, आणि सगळ्यात जवळ असतं ते चालवणाऱ्याचं नाक. कानात काहीच नव्हतं. ५० फुटांवर ७६ असलेला आवाज त्याच्या कानापाशी शंभरच्या घरात जातो. शंभर डेसिबल दिवसाला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ऐकू नये, असं कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी इथली सरकारी संस्था सांगते. हा माणूस रोज चौदा घरं करतो.

माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी त्याला नियम सांगितला. तो शांतपणे म्हणाला, “हे मी २०१९ मध्ये घेतलं. तेव्हा दुकानात सर्रास मिळत होतं.” ते खरंच होतं. राज्याने कायदा केला तो २०२१ मध्ये, आणि २०२४ पासून अशी नवीन इंजिनं बंद होत गेली ती विक्रीसाठी. आधी घेतलेलं यंत्र वापरायला राज्याची मनाई नाही. मनाई आहे ती शहराची, आणि इथे शहरं इतकी चिकटून आहेत की सकाळच्या चौदा घरांपैकी कोणतं कुठल्या शहरात मोडतं हे रस्त्यावरच्या पाटीवरूनच कळतं. बॅटरीच्या ब्लोअरबद्दल विचारलं तर म्हणाला, एका बॅटरीत दोन घरं होतात, दिवसभर पुरवायचं तर तेवढ्या बॅटऱ्या हव्यात, आणि चार्ज कुठे करणार? घरमालक बाहेरचा प्लगही वापरू देत नाहीत.

या नियमाच्या मी बाजूची आहे, हे स्पष्ट सांगते. राज्यातल्या हवेच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाने हिशोब मांडला आहे: व्यावसायिक ब्लोअर तासभर चालवला की धुरक्याला कारण होणारं जितकं प्रदूषण होतं, तितकं व्हायला नवी मोटार लॉस एंजेलिसहून डेन्व्हरपर्यंत, सुमारे १,१०० मैल, न्यावी लागते. कार्मेल-बाय-द-सी या गावाने तर १९७५ मध्येच हे ब्लोअर बंद केले. पण लॉस एंजेलिसने घरांपासून ५०० फुटांच्या आत त्यांना बंदी घातली तेव्हा, १९९८ च्या जानेवारीत, तिथले माळी सिटी हॉलबाहेर उपोषणाला बसले होते. तीही बाजू मला खरी वाटते. हवा आणि कान वाचायला हवेत, आणि त्यात सगळ्यात आधी त्या माळ्याचेच वाचायला हवेत. त्याची किंमत मात्र आपण त्याच्याच खिशातून काढतो.

एवढ्यात वरून बारीक गुणगुण ऐकू आली. नर्सबाई परसदारी येऊन वर बोट दाखवत होत्या. “बघा, तो!”

तीन घरं सोडून एक घर विकायला काढलेलं होतं. त्याच्या ड्राइव्हवेवर एक तरुण कंट्रोलर घेऊन उभा होता, घराच्या जाहिरातीसाठी वरून चित्रण करत होता. मी ओळख सांगितल्यावर त्याने ड्रोन खाली घेतला आणि न मागताच कागद पुढे केले. देशाची हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं रिमोट पायलट प्रमाणपत्र, ड्रोनच्या अंगावर चिकटवलेला नोंदणी क्रमांक, रिमोट आयडी (उडताना ड्रोनने आपली ओळख आणि जागा रेडिओवरून कळवत राहायची सोय) चालू. उंची ९० फूट. मर्यादा आहे ४०० फुटांची, आणि ती वरची. ‘याच्याखाली उडवू नका’ अशी मर्यादाच नाही.

आमच्या शहराचा ड्रोनचा नियम सगळा मिळून काही ओळींचा आहे: बागेतून किंवा शहराच्या मालकीच्या जागेतून परवानगीशिवाय उडवू नये, उतरवू नये. हा तरुण खाजगी ड्राइव्हवेवर उभा होता. एकेकाळी आमच्या मसुद्यात बरंच काही होतं, दुसऱ्याच्या घरावरून जायचं तर मालकाची संमती हवी, वगैरे. पण मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन शहराने २०१६ मध्ये जवळपास असाच नियम केला आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये फेडरल न्यायालयाने त्याची मुख्य कलमं रद्द केली. आकाशातल्या वाहतुकीचे केंद्राचे नियम आहेत, त्यांच्या आड येणारे नियम शहराला करता येत नाहीत. मग आमच्या सिटी अटर्नींनी, म्हणजे शहराच्या वकिलांनी, मसुद्यातली पानंच्या पानं काढून टाकली.

त्याच अटर्नींनी आम्हाला प्रशिक्षणात एक जुना खटला सांगितला होता, तो मला तिथे उभ्याउभ्या आठवला. नॉर्थ कॅरोलायनातला कॉसबी नावाचा एक कोंबड्या पाळणारा शेतकरी. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या जागेवरून लष्करी विमानं जमिनीपासून ८३ फुटांवरून विमानतळावर उतरायची. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरायच्या, दीडशेच्या आसपास गेल्या. घरच्यांची झोप उडाली. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जमिनीलगतचं जितकं आकाश मालकाला वापरता येईल तितकं त्याचं. पण ते ‘जितकं’ म्हणजे किती फूट, हे काही सांगितलं नाही. ८३ फुटांवरच्या विमानांनी गेलेल्या झोपेची दखल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने घेतली, आणि ९० फुटांवरच्या ड्रोनबद्दल नर्सबाईंना सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

तरुण भला होता. त्याने मला चित्रण दाखवलं. एका वळणावर नर्सबाईंचं परस कोपऱ्यात आलं होतं: निळी चादर टाकलेली आरामखुर्ची, दोरीवर वाळत घातलेला गणवेश, आणि दारात उभी, कपाळावर हात धरून वर बघणारी एक बाई. त्याने तो तुकडा माझ्यासमोर पुसला आणि पुढचे फेरे रस्त्याच्या बाजूने घेतो म्हणाला. मी परत जाऊन नर्सबाईंना हे सांगितलं. कुणी मुद्दाम घरात डोकावून चित्रण केलं तर त्यासाठी राज्याचा खाजगीपणाचा कायदा आहे, पोलिसांकडे जाता येतं, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, “हा चांगला माणूस निघाला म्हणून. पुढचा?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गाडीत बसून मी फॉर्म काढला. ज्याच्याकडे सगळे कागद होते, त्याला माझा नियम शिवतही नव्हता. ज्याच्याकडे पाठीवरच्या यंत्राशिवाय काही नव्हतं, त्याच्यावर तो पुरा लागू होता. दंड पहिल्यांदा १०० डॉलर, वर्षाच्या आत दुसऱ्यांदा २००, तिसऱ्यांदा ५००. पहिल्या वेळी लेखी समज देण्याची मला मुभा आहे. मी समज दिली. मागच्या बाजूला बॅटरीच्या यंत्रांसाठी राज्याने लहान व्यावसायिकांना ठेवलेल्या सवलतीची माहिती लिहिली, आणि गाडीतल्या पेटीतून कानात घालायच्या बोळ्यांची दोन पाकिटं त्याला आणि पुतण्याला दिली. त्याने कागदाची नीट चौघडी केली आणि खिशात ठेवला. उरलेलं अंगण दोघांनी पंजाने साफ केलं. वीस मिनिटांचं काम सव्वा तास चाललं, आणि त्या सव्वा तासाचे पैसे त्याला कुणी देणार नव्हतं.

ज्यांचं अंगण होतं त्या घरमालकीणबाईंना मी फोन केला. आमच्या नियमात जबाबदारी यंत्र चालवणाऱ्याची आहे, त्याला कामावर बोलावणाऱ्याची नाही. काही शहरांनी ती घरमालकावरही टाकली आहे. मी त्यांना विनंती केली, बाहेरचा प्लग वापरू द्या, पंजाने काम करायचं तर वेळ जास्त लागेल तो धरून पैसे द्या. त्या गोड आवाजात म्हणाल्या, “कशाला एवढं? मी दुसरा माणूस बघते.”

त्या रात्री मी वरिष्ठांना सविस्तर लिहिलं. नोटीस आधी घरमालकाला जावी, आणि नियम बदलताना माळ्यांना बोलावून विचारावं. त्यावर ‘कौन्सिलपुढे ठेवू’ एवढं उत्तर आलं आहे. मी दर पंधरा दिवसांनी विचारते.

तीन आठवड्यांनी त्या गल्लीतून गेले तर त्या घरापुढे दुसऱ्याच कुणाचा ट्रक होता. बॅटरीचा ब्लोअर, ५० फुटांवरून ६२. नियमात बसत होता. जुना माळी मला दोन गल्ल्या पलीकडे दिसला, एका आजोबांच्या अंगणात पंजा चालवत होता. कानात नारिंगी बोळे होते. त्याने हात वर केला, मीही केला. त्याची किती घरं सुटली हे विचारायचा धीर झाला नाही.

दुपारी नर्सबाईंचा फोन आला. आता सकाळी सलग पाच तास झोप लागते म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, “काल पुन्हा एक आला होता. वेगळा. खिडकीच्या उंचीवर.”

मी वही उघडली. किती वाजता, कुठल्या बाजूने, किती वेळ, रंग कोणता, दिवा कुठल्या रंगाचा. त्या सांगत गेल्या आणि मी लिहून घेत गेले, पोलिसांकडे पाठवण्यासाठी.